कराचीवालीचा शेवटचा भाग

खापेकरकाका एकदा ऐन मे महिन्यात, सुट्टीच्या दिवशी, भर दुपारी डोक्याला दुपट्टा गुंडाळून सायकलने भिलाईच्या पोलाद प्लांटच्या मेन गेटवर गेले, ते एक नट परत करायला. नट म्हणजे बोल्टवर बसतो तो, बोराएवढा. आदल्या दिवशी कामाच्या गडबडीत तो पँटच्या खिशात राहिला होता आणि कपडे भिजवताना सापडला. गेटवरच्या शिपायाने बाहेर जाणारा माल आयुष्यभर पकडला होता. आत येणारा माल कसा घ्यायचा हे त्याला कोणी शिकवलंच नव्हतं. तो म्हणाला, "साहब, अंदर फेंक दो ना." काका म्हणाले, "फेंक कैसे दूँ? रसीद दो." शेवटी त्या बिचाऱ्याने कुठूनसा कागद मिळवून त्यावर 'एक नग नट मिला' असं लिहून सही केली, तेव्हा काका घरी परतले.

ही हकिगत ऐकून मी थक्क झालो. मी तसा लवकर थक्क होणारा माणूस. लेखा विभागातला कारकून, नुकतं लग्न झालेलं, भिलाईत नवखा. आणि शेजारच्या क्वार्टरमध्ये हे गृहस्थ. दौलतराव खापेकर, सुरक्षा विभागातले फोरमन. माझी बायको मंदा नागपूरच्या इतवारीतली आणि काकांची बहीण सिंधूताईही तिथेच त्याच गल्लीत दिलेली, म्हणून काकांनी पहिल्याच दिवशी मला 'जावई' करून टाकलं.

काकांकडे कोणी जात नसे. माणूस वाईट होता म्हणून नव्हे. गेलं की ते सुरक्षेवर येत. "जावई, तुमच्या गॅसच्या नळीले किती वर्षं झाले?" पाणी प्यायला बसावं तर, "ते खुर्ची मांगच्या दोन पायावर नका झुलवू, नेम म्हंजे नेम." काकू वारल्या होत्या, दोन्ही मुली लग्न होऊन वर्धा-अमरावतीकडे. संध्याकाळी काका ओसरीत एकटेच बसून सायकलला तेल देत. सायकलला इतकं तेल कशाला लागतं, असा प्रश्न मला पडे, पण विचारायची सोय नव्हती. विचारलं की साखळीच्या सुरक्षेवर व्याख्यान.

अशा माणसाने पुढे जे केलं त्याला तुम्ही काय म्हणाल ते ऐकायला मला आवडेल.

सुरुवात आमच्याच घरी झाली. मंदाने हळदीकुंकू केलं. तेव्हा सिंधूताईंची सून शारजाहून सुट्टीवर आली होती आणि मामेसासऱ्यांना भेटायला भिलाईला आलेली होती. ती आली, तिने कुंकू लावून घेतलं आणि शारजाच्या टीव्हीवर लागणाऱ्या एका पाकिस्तानी मालिकेची गोष्ट सांगायला बसली. हवेली, दोन भाऊ, त्यांच्या दोन बायका, आणि एक घर सोडून गेलेली बहीण. बाया वाण लुटायचं विसरल्या. गोष्ट ऐन रंगात आली आणि तिच्या गाडीची वेळ झाली. ती भिलाईच्या पावर हाउस स्टेशनवरून नागपूरला गेली, तिथून मुंबईला, तिथून शारजाला, आणि आमची कॉलनी अर्ध्या गोष्टीवर लटकत राहिली.

त्या काळात टीव्हीचं एकच चॅनल होतं, सरकारी. त्यावर दिल्लीला जे वाटेल ते दिसे. पाकिस्तानची मालिका तिथे दिसणं शक्यच नव्हतं. पण बायांना कोण समजावणार? निमजेबाई तर काकांच्या दारातच जाऊन उभ्या राहिल्या. निमजे हे प्लांटमधले जुने कामगार, भंडाऱ्याकडचे शेतकरी घर, दोन क्वार्टर सोडून राहायचे. बाई म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या भाचसुनेनं आमाले अधांतरी सोडून देल्लं. आता तुमीच काहीतरी करा."

काकांनी नेमाने केलं. त्यांनी दिल्लीच्या टीव्हीवाल्यांना अर्ज पाठवला. उत्तर आलं नाही. स्मरणपत्र पाठवलं. त्यालाही नाही. मग ते मला घेऊन पावर हाउसच्या बाजारात व्हिडिओच्या दुकानात गेले आणि म्हणाले, "वो कराची वाली सीरियल की कॅसेट चाहिए. पक्के बिल के साथ."

दुकानदार आधी माझ्याकडे बघून हसला, मग त्यांच्याकडे. "काकाजी, बिल माँगोगे तो माल नहीं मिलेगा, माल माँगोगे तो बिल नहीं मिलेगा."

 घराजवळ आल्यावर काका सायकलवरून उतरून म्हणाले, "जावई, तुमचा व्हीसीआर दोन दिवस देजा बरं."

तो व्हीसीआर माझ्या मेव्हण्याने मस्कतहून आणला होता आणि मंदाने त्याला क्रोशाचं झाकण विणलं होतं. मी झाकणासकट दिला. काका रिकाम्या वेळात काही धार्मिक पाहणार असतील, अशी माझी समजूत. दोन दिवसांनी परत आणायला गेलो आणि दारातच थिजलो. काकांच्या टेबलावर माझा व्हीसीआर, त्याच्या शेजारी आणखी कोणाचा तरी मागून आणलेला दुसरा व्हीसीआर, आणि दोघांना जोडणारी एक काळी वायर. खाली रबराची चटई. वायरला लाल पुठ्ठ्याची पाटी बांधलेली, प्लांटमध्ये मशीन दुरुस्तीला घेतल्यावर बांधतात तशी: 'काम चालू. बटन दाबू नये. — खापेकर.' पुठ्ठा घरचाच होता, साबणाच्या खोक्याचा. प्लांटचा पुठ्ठा काकांनी जीव गेला तरी वापरला नसता. आणि काका स्वतः सेफ्टीचे बूट घालून पहाऱ्याला उभे.

"काका, हे काय?"

"कॉपी करून राहिलो."

"कशाची?"

"कराचीवालीची. भाच्यानं शारजात टीव्हीवरून भरली, नागपूरले धाडली, सिंधूनं माह्या हातात देल्ली. तिले परत करा लागते, तिथल्या बाया लाइनीत हायेत. म्हणून कॉपी."

मी आधी दार लोटून घेतलं. व्हिडिओ चोरीबद्दल तेव्हा पेपरात रोज यायचं. छापे पडत. आणि हा नटाची रसीद मागणारा माणूस! त्यातही माझ्या व्हीसीआरवर! मी म्हणालो, "काका, ही चोरी आहे हो."

काका शांत होते. त्यांनी याचा विचार आधीच करून ठेवला होता. "हे पाहा जावई. दुकानात बिलानं भेटली असती तं मी बिलानं आणली असती. टीव्हीवर लागली असती तं मुकाट्यानं पाहिली असती. लायसन लागते म्हणाले असते तं लायसन काढलं असतं. मी अर्ज केला का नाही? मले सांगा, आता कोणत्या खिडकीवर उभा राहू? खिडकीच नाही! उद्या उघडा म्हणा खिडकी, मी लाइनीत पयला."

  व्हीसीआर मी तिथेच ठेवून आलो. मंदाने फक्त क्रोशाचं झाकण परत मागवलं.

मग सुरू झाला तो कारखानाच. काकांनी आपल्या सुट्टीचा वार, गुरुवार, ठरवला. प्लांटमधली माणसं तीन पाळ्यांत विभागलेली, म्हणून कराचीवालीही तीन पाळ्यांत. ज्यांचा नवरा ए शिफ्टला त्यांनी सकाळी यायचं, बी शिफ्टवाल्यांनी दुपारी, सी शिफ्टवाल्यांनी संध्याकाळी. दरी अंथरलेली, माठ भरलेला, दारात चपलांसाठी खडूने आखलेल्या रेघा. आत यायच्या आधी काका दारात उभे राहून नेम सांगत. सगळ्यात कडक नेम हा, की पाहून गेलेल्या पाळीने पुढच्या पाळीला गोष्टीतला एक शब्दही सांगायचा नाही. प्लांटमध्ये उलटं असतं, जाणाऱ्याने येणाऱ्याला सगळं सांगून चार्ज द्यायचा असतो. काका म्हणायचे, "इथं चार्ज देणं बंद. ज्यानं स्टोरी फोडली, त्याचा पास कॅन्सल."

या नेमाने एकदा घात केला. एका भागाची कॉपी चालू असताना बहुधा काकांच्या बुटाचा धक्का लागला असावा. मोठा भाऊ हवेलीतून रागाने निघून जातो आणि पुढचं दृश्य थेट आपल्या सरकारी टीव्हीचं: धानावरची कीड आणि तिच्यावर फवारायची औषधं. सकाळच्या पाळीला कळलं की काहीतरी चुकलंय. पण बोलायची बंदी! त्या तोंड मिटून घरी गेल्या. दुपारची पाळीही तशीच. संध्याकाळच्या पाळीत मी होतो. आम्ही सगळे माना पुढे काढून धानाची कीड पाहत होतो. निमजे गंभीरपणे म्हणाले, "बेस केलं त्यानं. शेतीच करावं माणसानं. हवेलीत काय ठेवलं हाय?" पुढचे कित्येक दिवस कॉलनीत सगळ्यांची समजूत हीच, की मोठा भाऊ शेतीला लागला. पुढच्या कॅसेटमध्ये तो कराचीत वकिली करताना दिसला तेव्हा निमजेंना फार दुःख झालं.

कॉप्या पसरत गेल्या. दुर्गला गेल्या, भिलाई-३ च्या रेल्वे क्वार्टरमध्ये गेल्या, रसमड्याच्या कारखान्यांपर्यंत गेल्या. कॉपीची कॉपी, तिची कॉपी. भिलाई-३ ला पोहोचेपर्यंत सगळी हवेली हिरवी झाली होती आणि धाकट्या सुनेला मिशा दिसत होत्या, तरी लोक पाहत होते. तक्रार आली की काका म्हणत, "ओरिजनल कुठं भेटते ते सांगा, मी सोता जाऊन आणतो." कोणी सांगू शकलं नाही. मी मात्र रस्त्यात खाकी कपडा दिसला की वळून दुसऱ्या गल्लीत जायचो, मग तो पोस्टमन का असेना.

आणि मग फक्त शेवटचा भाग उरला. घर सोडून गेलेली बहीण हवेलीच्या फाटकापाशी येऊन उभी राहते, आतून कोणीतरी कडी काढायला येतं, आणि तिथे ती कॅसेट संपली होती. कोण आलं? मोठा भाऊ? धाकटा? आई? आमची कॉलनी त्या फाटकापाशी उभी राहिली आणि पुढची कॅसेट येईना.

"कस्टमनं अडवली," काका सांगत. संक्रांत गेली. "मुंबईले अडकली." शिवरात्र गेली. तरी गुरुवारी काकांकडे दरी अंथरलेली असायची, माठ भरलेला असायचा. लोक 'आली का?' म्हणून विचारायला येत, आले की बसत, बसले की फाटक कोणी उघडलं असेल यावर वाद घालत. काका सगळ्यांना चहा देत. सुरक्षेवर कोणी व्याख्यान ऐकल्याचंही मला त्या दिवसांत आठवत नाही.

पण निमजेबाईंचं काय? निमजे रिटायर झाले होते आणि क्वार्टर सोडून गावी चालले होते, भंडाऱ्याकडे, लाखनीच्या आतल्या बाजूला. तिथे दिवे यायचे ते पाहुण्यासारखे, व्हीसीआर कुठून येणार? ट्रकही ठरला. बाई रोज मंदाला म्हणत, "मंदा, ते फाटक कोन उघडलं हे समजल्याबिगर मी जाऊन राहिली बाई. मले गावात झोप नाही येनार." त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी असे. तीस वर्षं भिलाईत काढलेली बाई. सोडताना एवढी एकच गोष्ट तिला मागायची होती.

मंदाने मला हुकूम दिला. मी नागपूरला एका दिवसाचं काम काढलं आणि इतवारीत सिंधूताईंकडे गेलो. चहा पुढे आल्यावर विचारलं, "ताई, कस्टममध्ये काही ओळख निघते का बघा ना. ती शेवटची कॅसेट..."

"कस्टम?" ताईंनी कपाळावर हात मारला. "कायचं कस्टम बापा? ते कॅसेट तं संक्रांतीच्या आधीच आली. दादा सोता येऊन घेऊन गेला! मीच म्हणणार होती तुमाले, त्याले सांगजा, परत कर आता. इथल्या बाया मले जीव खाऊन राहिल्या. मी तं बापा पाहून टाकली पयल्याच दिवशी. शेवटी काय होते, ते फाटक उघडायले..."

मी दोन्ही कानांवर हात ठेवले. नेम म्हणजे नेम.

परतीच्या गाडीत मी खिडकीशी सुन्न बसून होतो. काकांनी चोरीची कॉपी केली तेव्हा मला बसलेला धक्का याच्यापुढे काहीच नव्हता. ती त्यांनी छाती पुढे काढून केली होती. पण खापेकरकाका खोटं बोलले? गुरुवारमागून गुरुवार, दारात उभं राहून, सगळ्यांच्या तोंडावर? मला राग आला होता. निमजेबाईंचं तोंड डोळ्यांपुढे येत होतं. दिल्लीवाल्यांनी दाखवलं नाही म्हणून एवढं रामायण केलं, आणि आता हे स्वतःच कॅसेट दाबून बसले!

स्टेशनवरून तडक त्यांच्याकडे गेलो. काका दुसऱ्या दिवशीच्या गुरुवारसाठी दारात खडूने चपलांच्या रेघा नव्याने ओढत होते. मी म्हणालो, "काका, सिंधूताई भेटल्या."

खडू थांबला. ते उठले नाहीत. तसेच उकिडवे बसून राहिले. मला वाटलं होतं, ते काहीतरी सबब सांगतील, काही नेम काढतील. त्यांनी माझ्याकडे वर पाहिलं आणि विचारलं, "संपल्यावर कोन येते जी, जावई?"

माझा राग कुठे गेला मला कळलं नाही. मी दारातच त्या रेघांच्या शेजारी बसलो.  मी एवढंच म्हणालो, "निमजेबाई शनिवारी चालल्या."

"मले मालूम हाय," काका म्हणाले. "मी रोज म्हणतो, आज लावतो, आज लावतो. कॅसेट हातात घेतो अन् परत ठेवून देतो."

गुरुवारी संध्याकाळी काकांनी तिन्ही पाळ्यांना एकत्र बोलावलं. खोलीत मावेनात तेव्हा लोक ओसरीत, खिडकीत उभे राहिले. काका इस्त्रीचा शर्ट घालून टीव्हीच्या पुढे उभे राहिले, प्लांटमधल्या सुरक्षा बैठकीत उभे राहतात तसे हात मागे बांधून. मला वाटलं, नेम सांगतील. ते म्हणाले, "एक सूचना हाय. कॅसेट संक्रांतीच्या आधीच आली. कस्टमनं नाही अडवली. मी अडवली."

 ओसरीतली कुजबुज थांबली. मंदाने माझा हात घट्ट धरला. कोणीतरी 'का?' असं विचारेल आणि काकांना सगळ्यांसमोर उत्तर द्यावं लागेल, याची मला फार भीती वाटत होती.

निमजेबाई पुढेच बसल्या होत्या. त्यांनी काकांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. मग डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "अडवली तं अडवली भाऊ. मानूस हाय. आता लावा."

फाटक कोणी उघडलं ते मी सांगणार नाही. बाया ढसाढसा रडल्या, निमजेही रडले. पाहून झाल्यावर सगळे समाधानाने, एकमेकांशी बोलत, आपापल्या चपला शोधत घरी गेले. शनिवारी निमजेंचा ट्रक गेला. काकांनी त्यावरच्या दोऱ्या स्वतः ओढून पाहिल्या.

पुढच्या गुरुवारी मी कामावरून आलो तेव्हा शेजारचं दार उघडं होतं. दरी अंथरलेली होती. माठ भरलेला. काका ओसरीत बसून रस्त्याकडे पाहत होते, आणि रस्त्यावरून जाणारी माणसं त्यांना नमस्कार करून पुढे जात होती. मला ते बघवेना. मी आत जाऊन मंदाला सांगितलं. ती पीठ मळत होती. तिने हात धुतले, पदराला पुसले आणि माझ्या आधी चालायलाच लागली.

"काका," ती दारात जाऊन म्हणाली, "सुरुवातीचे चार भाग माझे बघायचे राहिले. मी तेव्हा माहेरी होते. पहिल्यापासून लावता का?"

काका इतक्या घाईने उठले की खुर्ची मागे पडली. त्यांनी कपाटातून पहिली कॅसेट काढली, मशीनमध्ये घातली. त्या दिवशी चहा द्यायला गर्दी नव्हती, नेम ऐकायला दारात कोणी नव्हतं, म्हणून तेही येऊन आमच्याशेजारी दरीवर मांडी घालून बसले.

थोडा वेळ गेला. पडद्यावर हवेली आली, अंगण आलं, ओट्यावर बसून रडणारी एक बाई आली. काका मंदाकडे झुकले आणि हळूच म्हणाले, "पोरी, हे बाई कोन व्हय? कावून रडून राहिली?"

मी त्यांच्याकडे पाहतच राहिलो. सगळ्या भागांच्या कॉप्या त्यांनी केल्या होत्या. तीन-तीन पाळ्या बसवल्या होत्या. आणि चहा, पाणी, चपला, दार यांत त्या माणसाने एकही भाग पाहिला नव्हता.

मंदालाही ते कळलं असावं. ती थोडी सरकली, काकांना पुढे जागा करून दिली आणि म्हणाली, "ही धाकटी सून, काका. हिचा नवरा शहरात असतो. पुढे या, इथून नीट दिसतं."